रत्नप्रभाचा अर्धा वेढा

रत्नप्रभा सावंत दारात आली की आधी पायपुसण्यावर उभी राहून एक प्रश्न विचारायची. "बाळाक दूध सोडून काय दिल्यात काय?" उत्तर मिळेपर्यंत ती चपलाही काढायची नाही आणि खांद्यावरची पिशवीही उतरवायची नाही. घरात पाचपन्नास माणसं असोत, बाळाची आत्या अमेरिकेहून आलेली असो, रत्नप्रभा प्रश्न विचारणार आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहणार. माझी मुलगी गार्गी याला 'सिक्युरिटी चेक' म्हणायची आणि आम्ही दोघी हसायचो.

बाळ-बाळंतिणीला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची आणि बाळाला गुटी उगाळायची, हे रत्नप्रभाचं काम. वय एकसष्ट, अंगाने सडपातळ, मनगटं मात्र कुस्तीगिराची. लग्न होऊन मालवणकडून ती लालबागला आली तेव्हा नवरा जयवंत गिरणीत होता. गिरणी बंद पडली, ते चारकोपच्या सेक्टरमधल्या एका बैठ्या खोलीत आले आणि जयवंत इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन झाला. रत्नप्रभाला सासूने शिकवलेली एवढी एकच विद्या येत होती. शेजारणीचं बाळ न्हाऊ घातलं, मग त्या शेजारणीच्या बहिणीचं. असं करत करत एकतीस वर्षं झाली.

तिच्या पिशवीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली सहाण असायची. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा, खारीक, जायफळ, सगळं एका डबीत. सहाणेवर थेंबभर दूध घ्यायचं, त्यात वस्तू धरून एकदा गोल फिरवायची, की झाला एक वेढा. वेखंडाचा एक, हळकुंडाचा एक, मुरुडशेंगेचे दोन. जायफळाचा फक्त अर्धा, आणि तोही चार दिवसांतून एकदा. तीन महिन्यांच्या पोराने कितीही किंकाळ्या फोडल्या तरी तिने अर्ध्याचा पाऊण केला नाही.

"झोप येण्यासाठी देतंय, पण जायफळ मस्करीची वस्तू न्हय," ती सांगायची.

ती मस्करीची वस्तू नाही हे मला तिच्याहून जास्त कळायला हवं होतं, कारण मी ते स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं. तीन वर्षांपूर्वी माझा नवरा नंदकिशोर गेला आणि माझी झोप त्याच्याबरोबर गेली. डॉक्टरांनी गोळी दिली. तिने झोप यायची, पण सकाळी डोकं दगडासारखं जड व्हायचं आणि अकरापर्यंत मला स्वतःचं नाव आठवायला वेळ लागायचा. तेव्हा रत्नप्रभा शेजारच्या दीप्तीच्या बाळंतपणाला येत होती. जिन्यात मला म्हणाली, "वयनी, कोमट दुधात चिमटीपेक्षाय कमी जायफळ घाला. रोज नको हां." मी घातलं आणि खरंच सांगते, मला झोप लागली. सकाळी डोकं हलकं, तोंडाला चव. दोन महिने मी तिला मनातल्या मनात दुवा देत होते.

मग ते चिमटीच्या आतलं पुरेनासं झालं. अधिक घेतलं तर अधिक झोप लागेल, हे गणित मला कुणी शिकवलं नव्हतं, ते माझं मीच मांडलं. बावीस वर्षं बँकेत आकडेमोड केलेली बाई मी. एक दिवस अर्धं जायफळ किसून घेतलं. तीन-चार तासांनी जीभ लाकडासारखी कोरडी पडली, छातीत धडधडायला लागलं आणि खोलीच्या भिंती मागे मागे सरकतायत असं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी पलंगाची कड धरून बसले होते आणि आपण आता मरणार याची मला पक्की खात्री होती. गार्गीला सांगितलं, अॅसिडिटी झालीय. रत्नप्रभाला काहीच सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं काय.

गार्गी माझी एकुलती एक मुलगी. बाळंतपणाला ती माझ्याकडे आली आणि गंधाली झाली. गोरीपान, टक्कल पडलेली, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक लिफ्टमध्ये आमच्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवायचे. ती झोपायचीच नाही. वीस मिनिटं डोळा लागायचा, पुन्हा भोंगा. गार्गीच्या डोळ्यांखाली काळं पडलं, ती बोलता बोलता वाक्य विसरायची. तिचा नवरा देवव्रत मालाडच्या ऑफिसातून आला की बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालायचा, पण त्यालाही सकाळी उठून जायचं असायचं.

बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, सहा महिने फक्त आईचं दूध, गुटीबिटी काही नाही. गार्गीने त्याची यादी करून फ्रिजला लावली. दोन आठवडे पाळली. मग एका सकाळी ती स्वतःच रत्नप्रभाला म्हणाली, "मावशी, दे गं काहीतरी. माझी वाट लागलीय." रत्नप्रभाने अर्धा वेढा दिला आणि गंधाली साडेतीन तास झोपली. त्या दिवशी गार्गीने पंधरा दिवसांत पहिल्यांदा केस विंचरले.

मी म्हटलं, हे तर मलाही येतं, मी देत जाईन की. त्यावर गार्गी म्हणाली, "नको आई. तू सगळं अंदाजाने करतेस. मावशी मोजून करते."

हे वाक्य मला लागलं. भयंकर लागलं. माझ्या पोटची मुलगी, जिला मी नोकरी सांभाळून वाढवलं, ती मला सांगते की मालीशवाल्या बाईच्या हातचं चालेल आणि तुझ्या हातचं नको. मी वरून हसले, आतून दोन दिवस धुमसत होते. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की पुढे जे झालं ते अज्ञानाने झालं असं कुणी समजू नये. ते माझ्या नाकामुळे झालं.

मंगळवार होता. पहाटेपर्यंत जागून गार्गी कुठे सहाला झोपली आणि सातला गंधालीने सूर लावला. मी तिला उचलून स्वयंपाकघरात नेलं. फ्रिजमध्ये गार्गीने काढून ठेवलेलं दूध होतं, ते वाटीत कोमट केलं. रत्नप्रभाने शुक्रवारी जायफळ दिलं होतं, म्हणजे आजचा दिवस तसाही होताच, असं मी स्वतःला सांगितलं. सहाण माझ्याकडे नव्हती. ती रत्नप्रभाच्या पिशवीत. माझ्याकडे होती श्रीखंडासाठीची जायफळाची किसणी. मी तिच्यावर जायफळ ओढलं, चारदा का पाचदा, आठवत नाही. खाली पिवळट भुकटीचा छोटासा ढीग झाला. दिसायला एवढासा, पाव चमचा. सहाणेवरच्या अर्ध्या वेढ्यात जायफळाचा नुसता वास आणि रंग उतरतो, किसणीतून जायफळच पडतं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी थांबले असते का, देव जाणे. बोंडल्याने मी ते सगळं तिला पाजलं. तिने तोंड वाकडं केलं आणि गिळलं. थोड्या वेळात माझ्या खांद्यावर शांत झाली आणि मी स्वतःवर खूश झाले.

साडेनऊला रत्नप्रभा आली. पायपुसण्यावर उभी राहून तिने विचारलं, "दूध सोडून काय दिल्यात काय?"

गार्गी उठली होती. माझ्या शेजारी टॉवेल घेऊन उभी होती, डोळे तांबारलेले. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छे, काही नाही."

रत्नप्रभा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "खरांच ना, वयनी?"

"मावशी, आईची उलटतपासणी नको आता," गार्गी म्हणाली. "आज जायफळ दे प्लीज. मला फक्त तीन तास झोप दे, मी तुझ्या पाया पडते."

रत्नप्रभाने चपला काढल्या.

मी न्हाणीघराच्या दारात गरम पाण्याची बादली धरून उभी होते. सहाणेवर जायफळ फिरल्याचा बारीक आवाज ऐकला. सांगायला मला तीन शब्द पुरले असते. मी स्वतःशी म्हणाले, अर्धाच तर वेढा, त्याने काय होतंय. शिवाय आता सांगितलं तर मी खोटं बोलले हे दोघींच्याही समोर उघडं पडेल. मी बादली आत ठेवली.

गंधाली न्हाली, धुरी घेतली, झोपली. रत्नप्रभा तिच्या पुढच्या घरी गेली. गार्गी आडवी होताच घोरायला लागली. मी पाळण्याजवळ खुर्ची ओढून बसले, कारण आता मला भीती वाटायला लागली होती. अकराला मी गंधालीच्या छातीवर हात ठेवला. आतलं ठोके देणारं एवढंसं यंत्र फार जोरात धावत होतं. माझं स्वतःचं तसंच धावलं होतं, पलंगाची कड धरून बसले होते तेव्हा. पण मी साठीची बाई होते, सत्तर किलोची. ही पाच किलोचीही नव्हती.

बाराला चेहरा लालबुंद दिसायला लागला. मी पंखा वाढवला. एक वाजता दूध प्यायची वेळ टळली. मी तिच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. मग चिमटा काढला. मग गालावर ओलं बोट फिरवलं. तिने डोळे अर्धवट उघडले आणि बुबुळं वर गेली. मी तिचा हात वर उचलून सोडला, तो धपकन खाली पडला. माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून गार्गी उठली, मला हाक मारावी लागली नाही.

रिक्षात गार्गीने बाळाला छातीशी धरलं होतं आणि सारखी म्हणत होती, "गंधू, ऊठ ना गं, ऊठ ना." लिंक रोडला मेट्रोखाली गाड्या अडकल्या होत्या. मी रिक्षावाल्यावर ओरडत होते, समोरच्या टेम्पोवर ओरडत होते. ओरडायला मला नेहमीच जमतं. गार्गीने एका हाताने देवव्रतला फोन केला, मग रत्नप्रभाला. "मावशी, तू काय दिलंस तिला? ती उठत नाहीये!" पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मला वाटलं आताच सांगावं. मी समोरच्या टेम्पोवर पुन्हा ओरडले.

मालाडच्या ज्या इस्पितळात आम्ही शिरलो तिथे दोन नर्सनी बाळाला आमच्या हातून काढून घेतलं. डॉक्टर तरुण होते, शांत आवाजाचे. ताप आलाय का, पडली का, आकडी आली का, कुठलं औषध दिलंय का, असं त्यांनी भराभर विचारलं.

"औषध काही नाही," गार्गी म्हणाली. "मालीशवाल्या मावशींनी गुटी दिली होती."

तेवढ्यात रत्नप्रभा आली. देवव्रतच्याही आधी आली. साडी गुडघ्यापर्यंत ओली होती, कुणाच्या तरी घरचं न्हाणं अर्धं टाकून ती धावली होती. पिशवी छातीशी. ती सरळ डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"मी दिलंय. जायफळाचो अर्धो वेढो. पावणेदहाक."

"म्हणजे किती?"

तिने पिशवीतून सहाण काढली, नर्सकडून थेंबभर पाणी मागून घेतलं आणि टेबलावर त्यांना अर्धा वेढा फिरवून दाखवला. दगडावर फिकट तपकिरी डाग उमटला, बोट फिरवलं तर दिसेनासा होईल एवढा. तिथेही वेढा अर्धाच झाला. मी त्या डागाकडे बघितलं आणि मागे भिंतीशी सरकले.

डॉक्टरांनी डागावर बोट फिरवून पाहिलं. "बाळाला हे द्यायचंच नसतं, मावशी. पण एवढ्याने इतकं व्हायला नको. मला दुसरं कारण शोधायला हवं." मग ते गार्गीकडे वळले. मेंदूज्वर असू शकतो, ते म्हणाले. वेळ घालवून चालणार नाही. पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढून तपासावं लागेल आणि गरज पडली तर भूल देऊन डोक्याचा स्कॅनही करावा लागेल. सही लागेल.

आतून गंधालीचा आवाज येत नव्हता. एवढं टोचत होते, तरी येत नव्हता.

"माजाच काय तरी चुकला असात," रत्नप्रभा पुटपुटली. "जास्त फिरला असात हातून. माका मारा, पण सुई नको." ती रडत नव्हती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. "एकतीस वर्सां झाली. असां कधी नाय झाला." आपल्याला पोलिसात देतील ही भीती तिच्या डोळ्यांत दिसत होती, आणि तरीही न केलेली चूक ती स्वतःवर ओढून घेत होती. केलेली चूक माझ्या पोटात होती आणि मी भिंतीला टेकून उभी होते. मला कशाची भीती वाटत होती? बाळ मरेल याची. आणि, हे लिहायलाही हात धजत नाही, गार्गी माझ्याकडे कशी बघेल याची. दोन्ही भीती एकाच वेळी होत्या आणि दुसरी लहान नव्हती.

फॉर्म आला. गार्गीने पेन हातात घेतलं.

"मी दिलंय," मी म्हणाले. "सकाळी सातला. किसणीने किसून. पाव चमचा असेल, त्याहून जास्तही असेल. दुधातून."

डॉक्टरांनी माझ्यापुढे हात केला. "तळहातावर दाखवा किती." मी बोटाने दाखवलं. ते फॉर्म बाजूला सारून आत गेले, जाताना फक्त एवढंच म्हणाले, "हे आल्या आल्या सांगायला हवं होतं, आजी." भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे आम्हाला येऊन चाळीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात त्यांनी तिच्या टाचांतून चार वेळा रक्त काढलं होतं.

गार्गीने माझ्याकडे बघितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

त्यानंतर फक्त वाट बघायची होती. यावर उतारा असा नसतो, शरीराने ते बाहेर टाकेपर्यंत श्वास आणि हृदय सांभाळायचं, असं डॉक्टर म्हणाले. काचेपलीकडे गंधालीच्या छातीला वायरी चिकटवल्या होत्या, नाकाशी नळी होती. यंत्रावरचा आकडा वर गेला की मी भिंत धरायचे. रत्नप्रभा बाकाच्या टोकाला बसून होती. तिला कुणी जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गंधालीने तोंड उघडलं आणि तोच तिचा खालच्या मजल्यापर्यंत जाणारा भोंगा वाजवला. देवव्रत जमिनीवर बसून हुंदके द्यायला लागला. मी रत्नप्रभाकडे वळले तर बाक रिकामा होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हीही घेता का? मी त्यांना अर्ध्या जायफळाची सगळी हकिगत सांगितली, पहिल्यांदाच कुणाला तरी. ते म्हणाले, झोप येते ना त्याने, म्हणजे त्यात काहीतरी आहेच, आणि काहीतरी आहे म्हणूनच ते जास्त झालं की असं होतं. झाडाचं आहे म्हणून आपोआप निरुपद्रवी होत नाही. मोठ्या माणसाने कधीतरी दुधात चिमटीभर घेतलं तर घ्यावं, पण बीपीच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारावं. आणि कुणी काय घेता असं विचारलं तर स्वयंपाकघरातलंही सांगावं. "बाळाला मात्र काहीच नाही. अर्धा वेढाही नाही." मी मान हलवत राहिले. माझी बीपीची गोळी चार वर्षं चालू होती आणि जायफळाचं मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, कारण जायफळ मसाल्याच्या डब्यात असतं, औषधाच्या नाही.

आता गार्गीचं. तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तूही दमली होतीस, आई. जाऊ दे." मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. मग ती उठता उठता म्हणाली, "रत्नामावशीला यायला नको म्हणून सांगशील? मी सोसायटीच्या आयांच्या ग्रुपवर टाकलंय तसं."

मी तिचा फोन घेऊन वाचलं. मालीशवाल्या रत्नामावशी बाळांना जायफळ देतात, आमच्या बाळाला अॅडमिट करावं लागलं, सगळ्यांनी सावध राहा. खाली एकोणतीस हात जोडलेले. माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

"माझं नाव कुठे आहे?" मी विचारलं.

"तू माझी आई आहेस."

"म्हणून? पाव चमचा मी दिला, गार्गी! तिने मला विचारलं होतं!"

"तिनेही दिलंच ना? द्यायचंच नव्हतं." तिचा आवाज चढला. "आणि मीच मागितलं होतं, ते माहितीय मला! तेही लिहू का? आईला काढून टाकता येत नाही, आई. स्वतःलाही नाही."

दोघी कडाकडा भांडलो, पाळण्यातलं बाळ रडायला लागलं, मग गप्प झालो. तिचं सगळंच चूक नव्हतं. अर्धा वेढाही द्यायचा नव्हता. पण त्या इस्पितळात आल्या आल्या खरं बोललेली बाई एकच होती, आणि शिक्षा तिला एकटीला झाली होती.

निरोप सांगायला मी रत्नप्रभाकडे गेले. दुपारची वेळ, जयवंत ड्युटीवर होता. ती खोलीत जमिनीवर बसली होती, समोर एक जाड वही. आठच दिवसांत गालफडं बसली होती. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "चार घरांनी नको म्हणून फोन केल्यानी. बस्यात, वयनी."

"मी सगळ्यांना खरं काय ते सांगणार आहे," मी म्हणाले. "एकेका घरी जाऊन सांगेन."

"तां मगे." तिने वही माझ्याकडे सरकवली. तिच्या नातीच्या अक्षरात नावं होती, पानंच्या पानं. बाळाचं नाव, आईचं नाव, फोन नंबर. "आठ दिवस माका झोप नाय. मी इचारत इलंय, दिल्यात काय म्हणून. सगळी नाय म्हणाली, म्हणान मी दिलंय. मी काय तोंडां बघून वळखतंय असां माका वाटायचा. तुमचां तोंड माका वळखाक नाय इला." ती माझ्याकडे रागाने बघत नव्हती. ती घाबरलेली होती, इस्पितळात होती त्याहून जास्त. "मगे आणखी किती जणी खोटां बोलली असतली, वयनी?"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिने पान उलटून एका नावावर बोट ठेवलं. लवू. आई सुलक्षणा. चौदा वर्षांपूर्वीचं बाळ. "ह्यो दोन दिवस हास्पिटलात होतो. असोच, उठना नाय. कारण कोणाक गावला नाय. मीय दिलंय होतंय तेव्हा, अर्धोच. आता नववीत हा, कबड्डी खेळता. तुमी फोन लावा. माका खरां सांगूची नाय ती. तुमका सांगात."

मी नंबर लावला. बाई गोड आवाजाची होती. मी माझं नाव सांगितलं, रत्नप्रभाकडून बोलतेय म्हणाले, आणि विचारलं, "लवू लहानपणी दोन दिवस अॅडमिट होता, त्या दिवशी घरात कुणी त्याला काही दिलं होतं का? झोपेसाठी?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दार लावल्याचा आवाज आला आणि ती अगदी हळू म्हणाली, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला.

रत्नप्रभा माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणता?"

नाही म्हणते, असं सांगितलं असतं तर त्या दिवशी तिला झोप लागली असती.

"दिलं होतं," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले. मग तिने बोट पुढच्या नावावर नेलं आणि म्हणाली, "ह्यो लावा."